दहा फुटी खोली

आमच्या घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याचं स्वागत आधी चौकट करायची, मग आम्ही. चौकट जेमतेम सव्वापाच फुटांची. तिच्यातून वाकून आत येणारा माणूस सुटलो म्हणून अर्ध्यातच ताठ व्हायचा आणि त्याचं डोकं चौकटीला लागायचं. मग हळद, मग चहा, या क्रमानं पाहुणचार चालायचा. मी पाच फूट एक इंच आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला दारातून न वाकता आत येताना पाहिलं आणि जमलेल्या बायकांना सांगितलं की घराच्या मापाची सून मिळाली. माझ्या उंचीचं कौतुक झाल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग. सासूबाईंना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

घर माळवदाचं. जवळा बाजारपासून तीन-चार किलोमीटरवर आमचं गाव आहे आणि तिथं अशी दहा-बारा घरं अजून उभी आहेत. जाड मातीच्या भिंती, त्यांवर आडव्या सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढऱ्या मातीचा थर, की झालं छप्पर. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर खणांवर मोजतात. आमचं पाच खणांचं, म्हणजे मध्ये चार तुळया. उन्हाळ्यात आत गार असतं एवढी एक गोष्ट सोडली तर मला त्या घरात आवडण्यासारखं फारसं काही सापडलं नाही. अंधार, वरून पडणारी माती आणि दर वर्षी पावसाआधी छपरावर नवा थर द्यायची कटकट.

ते बांधलं आजेसासऱ्यांनी. ते ठेंगणे होते आणि त्यांनी छप्पर आपल्या मापानं घातलं. त्यांना मुलगा झाला तो सहा फुटांचा. हे माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो. विशीपासून मामा घरात एक हात वर करून चालायचे. तळवा एका तुळईवरून सुटला की पुढच्या तुळईला लागायचा, एसटीत माणूस दांडी धरून पुढं सरकतो तसा. तुळया त्यांच्या डोक्यावर जेमतेम वीतभर होत्या आणि पहिलीला हात लागला की दारात वाकायचं, अशी डोकं वाचवायची ती युक्ती होती. इतक्या वर्षांत त्यांच्या हातानं चारही तुळयांची कड एका ठरावीक जागी काळी आणि गुळगुळीत झाली होती. पाहुणे आपटायचे, मामा कधीच नाही. मला त्याचं कौतुक वाटायचं आणि मी ते शाळेत सवयीचं उदाहरण म्हणून सांगतही असे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. मोजलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसतो आणि एकदा मोजून झालं की मी कुणाचं ऐकत नाही. नवऱ्याचं गावात खता-बियाण्यांचं दुकान आहे. माझं नि मामांचं एखाद्या गोष्टीवरून वाजलं की तो तोंडात मिठाची गुळणी धरून दुकानात जातो. घरात आम्ही हे तिघं आणि चौथी आमची मुलगी, बारावीला.

गेल्याच्या गेल्या वर्षी श्रावणात मामा अंगणात पडले. न्हाणीघर आणि संडास अंगणाच्या पलीकडच्या टोकाला होते. मधल्या फरशीवर शेवाळ धरलं होतं. हाड मोडलं नाही, पण कंबर महिनाभर धरली होती. मी फरशी घासून घेतली, शेवाळावर चुना टाकला आणि त्याच आठवड्यात ठरवलं की घराला लागून पूर्वेला मामांसाठी एक खोली काढायची. खोलीतच न्हाणीघर, खोलीतच संडास, दाराला उंबरठा नको, जुन्या आणि नव्या जमिनीत पायरी नको. मी वहीत नकाशा काढला. बारा फूट लांब, नऊ रुंद आणि उंची दहा फूट.

मिस्त्री औंढ्याचे. तीन पिढ्या गवंडीकाम करणारं मुसलमान घराणं, आमच्या गावातली निम्मी माळवदं त्यांच्या आजोबांच्या हातची. आता ते स्वतः साठीचे आहेत आणि सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी जुन्या भिंतीवर बोटांनी टकटक केली, शिडीवरून माळवदावर चढून पाहिलं आणि खाली येऊन बराच वेळ बोलले. अडचण खोलीची नव्हती, सांध्याची होती. एका बाजूला मातीचं छप्पर, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा स्लॅब. दोन्ही एका उंचीवर ठेवले तर पाणी मधल्या फटीत थांबणार आणि मातीची भिंत पाणी पिऊन फुगणार. स्लॅब खाली ठेवला तर माळवदाचं सगळं पाणी त्याच्यावर. स्लॅब चांगला वर घेऊन त्याचा उतार पूर्वेकडं काढला आणि सांध्यावर पत्र्याची पट्टी बसवली, तरच दोन्ही छपरं सुखानं नांदतील. माझे दहा फूट मी उकाड्यासाठी धरले होते. एप्रिलमध्ये ठेंगण्या स्लॅबखाली माणूस भाजून निघतो हे मला शाळेच्या खोल्यांवरून पक्कं माहीत होतं. चाचांचं ऐकून तर माझा आकडा लोखंडासारखा पक्का झाला.

मामा ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. चाचा गेल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"पूर्वेला जुन्या घरापेक्षा उंच बांधत न्हाईत," ते म्हणाले. "त्या तुळयांइतकंच ठेवा. हाताला लागंल इतकं."

यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. पूर्वेला ठेंगणं, पश्चिमेला उंच, हे वास्तूचं गणित आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं आणि माझा त्यावर राग आहे. पुढचं बोलणं माझ्या कानावरून गेलं. गेलं असं म्हणणंही खरं नाही, ते मला नीट ऐकू आलं होतं. म्हाताऱ्या माणसाला जुन्याची सवय असते असं मी मनात म्हटलं आणि विषय मिटवला.

मामांनी मात्र मिटवला नाही. पंधरा दिवस घरात तोच विषय होता. पाया खणला तरी, भिंती कमरेइतक्या आल्या तरी. ते एरवी हट्टी माणूस नव्हते. माझी नोकरी, मुलीला सायकल, गॅस, यातल्या कशालाच त्यांनी आडकाठी केली नव्हती. उंचीवर मात्र ते अडून बसले. मी उकाडा सांगितला, पाणी सांगितलं, सांधा सांगितला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ते म्हणाले की मग मी जुन्याच घरात राहीन, नव्या खोलीत तुम्ही शेंगा भरा. त्या दिवशी मी शाळेत दोन पोरांना उगाच रागावले.

तोड चाचांनी काढली. असे तंटे त्यांना रोजचे होते. त्यांनी सांगितलं की वास्तूला पश्चिम पूर्वेपेक्षा उंच पाहिजे ना, मग पश्चिमच उंच करू. घराच्या नैऋत्य कोपऱ्यामागं लोखंडी स्टँड उभा करायचा आणि त्यावर पाण्याची काळी टाकी. टाकीचा माथा येईल पंधरा फुटांवर, स्लॅब राहील दहावर. शहरात सगळे हेच करतात, हिंगोलीत निम्म्या घरांच्या नैऋत्येला टाकी दिसेल. मला हसू आलं, पण हे चालण्यासारखं होतं. वास्तूची गाठ वास्तूनंच सुटली. मी जिंकले होते आणि मला ते फार आवडलं.

मामांना हे मीच सांगितलं. नवऱ्यानं हे सांगायच्या वेळी नेमकं दुकान उघडलं होतं.

"मंग करा तुमच्या मनासारखं," मामा म्हणाले आणि काठी घेऊन मारुतीकडं गेले.

स्लॅब माघात टाकला. नारळ फोडला, मजुरांना पुरणपोळी केली, वर पाणी साठवायला मातीची आळी केली. खाली सेंट्रिंग तसंच होतं. ज्यांनी स्लॅबचं काम जवळून पाहिलेलं नाही त्यांना सांगते, ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून लाकडी बल्ल्यांचे टेकू दिलेले असतात. हातभर अंतरावर एक बल्ली. नऊ बाय बाराच्या खोलीत चालायला वाट राहत नाही. आम्ही कुणी आत गेलो की कुठंतरी खांदा घासून यायचा. मामा मात्र रोज संध्याकाळी त्या बल्ल्यांच्या गर्दीत जायचे. एक बल्ली सोडायची, दुसरी धरायची, भिंतीपर्यंत जायचं, परत यायचं. मी डबा धुताना पाहायची. त्यांना काम बघायची आवड आहे असं मला वाटलं. एकदा बाहेर येऊन त्यांनी मला आपण होऊन सांगितलं की खोली बराबर झाली. मला बरं वाटलं. मी नवऱ्याला सांगितलंही की बघ, उगाच अडून बसले होते.

तीन आठवड्यांनी चाचांच्या माणसांनी बल्ल्या काढून अंगणात रचून ठेवल्या. भिंतींना पांढरा रंग दिला. खोली एकदम मोठी झाली आणि आवाज घुमायला लागला. पाडव्याला आम्ही मामांची बाज तिथं नेली. तोपर्यंत अंगणातलं जुनं न्हाणीघर पाडलेलं होतं.

त्यानंतर मामा बदलले. दिवस दिवस बाजेवर बसून राहायचे. न्हाणीघर आठ पावलांवर होतं, मी मोजून तसं ठेवलं होतं, पण ते उठायचे नाहीत. कुणी खोलीत आलं की त्याला काहीतरी निमित्त काढून हात धरायला लावायचे. नातीला म्हणायचे, चल, तुला नळ कसा सुटतो ते दाखवतो. पेपर तर गेली तीन-चार वर्षं ते नातीकडूनच मोठ्यानं वाचून घ्यायचे. चष्म्याचा नंबर बदलला म्हणायचे आणि नंबर काढायला जाऊ म्हटलं की कापूस वेचून होऊ द्या म्हणायचे. पाणी कमी प्यायला लागले. मी त्यांना रागावले. इतकी सोय केली तरी माणूस रुसून बसतो म्हणजे काय, असं मी नवऱ्याला ऐकवलं आणि मामांना ऐकू जाईल इतक्या आवाजात ऐकवलं. हे लिहिताना मला लाज वाटते.

एप्रिलमधला शनिवार होता. सकाळची शाळा, मी साडेअकराला घरी आले. नवरा दुकानात, मुलगी जवळ्याला शिकवणीला. चपला ओट्यावर काढल्या आणि जुन्या घरातून नव्या खोलीच्या दाराशी गेले. दार सात फुटांचं, उघडंच होतं.

मामा खोलीच्या मधोमध उभे होते. उजवा हात वर होता. बोटं उघडत होती, मिटत होती आणि त्यांना काही लागत नव्हतं. त्यांनी एक पाऊल टाकलं, हात थोडा डावीकडं नेला, परत आणला. मग आणखी एक पाऊल, ते भिंतीकडं. न्हाणीघराचं दार त्यांच्या पाठीशी होतं. धोतर ओलं झालेलं होतं. ते वळले आणि त्यांचं तोंड सरळ माझ्याकडं आलं. मी चार फुटांवर, उजेडात उभी होते. त्यांनी मला पाहिलं नाही.

मला एकदम सगळं समजलं असं मी म्हणणार नाही. आधी मला फक्त भीती वाटली. मग बल्ल्या आठवल्या, मग चार तुळयांवरचे काळे डाग आठवले. अंगणातलं शेवाळही आठवलं. त्या फरशीवरून आम्ही सगळेच रोज जात होतो आणि दुसरं कुणी पडलं नव्हतं.

"कोण हाय?" मामा म्हणाले.

"मी हाय, मामा."

हात खाली आला.

"लई उंच केलं बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मी त्यांना बाजेवर बसवलं, धोतर बदलायला दिलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. परत आत आले तेव्हा विचारलं की कधीपासून. त्यांनी वर्ष सांगितलं नाही.

"पोरीचं तोंड नीट पाहिलं तवा ती सातवीला होती," ते म्हणाले. "मंग कडंकडंनं अंधार येत गेला. आता उजेड तेवढा कळतो."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर बसवून ठेवलं असतं तुमी. माझ्या घरात मला कायबी अडत नव्हतं. पहिल्या तुळईला दार, दुसरीला देवळी, तिसरीला चूल, चौथीला मागलं दार."

मी त्या घरात बावीस वर्षं राहत होते. तिसऱ्या तुळईखाली चूल आहे हे मला माहीत नव्हतं. मी पाच फूट एक इंच, माझी मान कधी वर गेलीच नाही. आणि मी त्यांना उंच खोली दिली होती, हवेशीर, वास्तूला धरून, पाण्याचा उतार काढलेली. त्यांनी मला एकच माप सांगितलं होतं आणि माझ्या वहीत तेवढंच नव्हतं. मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग चहा मागितला.

पुढच्या आठवड्यात नांदेडला डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेला उजेड टिकवायला रोज थेंब घालायचे, असं त्यांनी सांगितलं. दुखत नाही म्हणून लोक उशिरा येतात, असंही म्हणाले. घरी आल्यावर नवरा बापाच्या बाजेशी जमिनीवर बसला आणि त्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

मी चाचांना बोलावलं आणि झालं ते सांगितलं. मला वाटलं होतं ते स्लॅब तोडणं, खोटं छत घालणं असलं काही सांगतील. ते खोलीत आले, मामांना सलाम केला आणि त्यांना उभं केलं.

"दादा, हात करा वर. तुमचा रोजचा."

मामांनी हात वर केला. चाचांनी तळव्याच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलनं खूण केली. मी टेप लावली. सहा फूट नऊ इंच. मग मी जुन्या घरात जाऊन स्टुलावर चढले आणि पहिल्या तुळईची खालची कड मोजली. तीही सहा फूट नऊ इंच, ना सूत कमी ना सूत जास्त.

चाचांनी रचून ठेवलेल्या बल्ल्यांपैकी चार सरळ बल्ल्या निवडल्या. दोन दिवस रंधा मारून त्यांना गुळगुळीत केलं आणि त्या खुणेवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडव्या बसवल्या. दोन बल्ल्यांमधलं अंतर किती ठेवायचं ते मामांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे ते बाजेवरून उठून चालत गेले आणि जिथं हात थांबला तिथं चाचांनी खूण केली. मी जुन्या घरातली अंतरं मोजून वहीत लिहून आणली होती. ती वही मी उघडली नाही. छत दहा फुटांवरच राहिलं आणि त्याच्या सव्वातीन फूट खाली चार बल्ल्या. पाहायला आलेली माणसं विचारतात की हे वाळत घालायला केलं का. मी हो म्हणते.

काम संपलं त्या संध्याकाळी मामा बाजेवरून उठले. पहिली बल्ली, दुसरी, तिसरी, न्हाणीघराचं दार. आत गेले, बाहेर आले, चौथीपर्यंत जाऊन परत फिरले. चाचा अवजारं गोळा करत होते, त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. मग मामांनी नातीला हाक मारली आणि पहिल्या बल्लीखाली उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. त्यांनी एक हात बल्लीवर ठेवला आणि दुसरा तिथून खाली आणला, एक वीत, मग दुसरी. दुसऱ्या वितीचा अंगठा पुरता पसरला नाही, त्याआधीच तिचे केस लागले.

"दोन वितींना बोटभर कमी," ते म्हणाले. "आईच्या वर गेली व्हय गं."

ती बरोबर तीन इंचांनी माझ्या वर गेली आहे. मी नंतर मोजलं. त्यांचा हात मात्र तिच्या डोक्यावर तसाच राहिला आणि चार वर्षांत ती आणखी कशी कशी झाली ते ते एकेक करून तिला विचारत बसले.